लॅरियाचे कागद

लॅरियाचा हर्बेरियम कागद कपाटातून बाहेर काढला, की शंभर वर्षांपूर्वी तोडलेली पानंही वार्निश लावल्यासारखी चकाकताना दिसतात. हे तेज राळेचं. वाळवंटातल्या या झुडपाच्या पानांवर राळेचा इतका जाड थर असतो, की वाळल्यावर, दाबल्यावर, कागदाला चिकटवल्यावर आणि चार पिढ्या कपाटात काढल्यावरही तो उतरत नाही.

साधारण साडेसोळा इंच बाय साडेअकरा इंचांचा जाड पांढरा कागद. मधोमध वीतभर फांदी, तिला समोरासमोर जोड्यांनी लागलेली बारकी पानं. प्रत्येक पान म्हणजे बुडाशी जुळलेल्या दोन पर्णिका. एखादं पाच पाकळ्यांचं फूल, मूळचं पिवळं, आता फिकट तपकिरी. पांढुरक्या लवेने झाकलेली, मटारपेक्षा लहान फळं. वरच्या कोपऱ्यात घडी घातलेलं कागदी पाकीट, त्यात गळून पडलेला पाला. खाली उजवीकडे लेबल: कोणी, कुठे, कधी. आणि या सगळ्याच्या आजूबाजूला, जागा मिळेल तिथे, नंतरच्या तज्ज्ञांनी चिकटवलेल्या चिठ्ठ्या. पहिली चिठ्ठी म्हणते हे अमुक. दुसरी म्हणते, अमुक नव्हे, तमुक. तिसरी पुन्हा पहिल्याकडे वळते. अलीकडे यात एका बारकोडची भर पडली आहे.

बॉटनी घेऊन बी.एस्सी. केलेल्या कुणालाही हा प्रकार ओळखीचा वाटेल. वर्तमानपत्रांच्या थप्पीत झाडं दाबून, रोज कागद बदलून, शेवटच्या आठवड्यात घाईघाईने शिवलेली हर्बेरियमची शीट्स परीक्षेला दाखवायची असत. परीक्षा संपली की ती माळ्यावर जात. जगभरातल्या तीन हजारांहून जास्त नोंदणीकृत हर्बेरियांमध्ये मात्र असे सुमारे ४० कोटी कागद जपून ठेवलेले आहेत, आणि त्यांतला कोणताही कागद कधी कामाला येईल हे तो ठेवणाऱ्यालाही सांगता येत नाही. लॅरियाचे कागद मी या प्रकरणासाठी निवडले ते एवढ्यासाठी, की त्यांच्यावर सर्वांत ठळक अक्षरात लिहिलेली गोष्ट, म्हणजे झाडाचं नाव, हीच सर्वांत कच्ची निघाली.

आधी झुडपाची ओळख. लॅरिया या प्रजातीत पाच जाती. चार दक्षिण अमेरिकेत, मुख्यतः अर्जेंटिनाच्या मोंते या कोरड्या पट्ट्यात. तिथे तिला हारिया म्हणतात. पाचवी, लॅरिया ट्रायडेंटाटा, मेक्सिको आणि अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात. चिहुआहुआ, सोनोरा आणि मोहावे या तिन्ही उष्ण वाळवंटांत मैलोन् मैल तीच ती दिसते. इंग्रजी बोलणारे तिला क्रियोसोट बुश म्हणतात, मेक्सिकन लोक गोबेर्नादोरा किंवा एदिओंदिया. पाऊस पडला की राळेचा वास साऱ्या रानभर सुटतो. तिथल्या माणसाला पावसाचा वास म्हणजे हाच. आपल्याकडे लॅरिया नाही, पण तिचं कूळ आपल्या पायाखाली आहे. अनवाणी चालणाऱ्याला रडवणारा सराटा, म्हणजे गोखरू, याच कुळातला. त्याचंही फूल पाच पाकळ्यांचं, पिवळं. हा सराटा अमेरिकेतही पोचला असून तिथे सायकलींचे टायर फोडल्याबद्दल त्याला पंक्चरवाइन असं नाव पडलं आहे.

लॅरियाची कागदोपत्री कथा सुरू होते माद्रिदमध्ये, आणि सुरू होते भांडणातून. अठराव्या शतकाच्या शेवटी तिथल्या राजेशाही वनस्पती उद्यानात कासिमिरो गोमेस ओर्तेगा हा प्राध्यापक होता आणि आंतोनियो होसे काव्हानियेस हा त्याचा कट्टर प्रतिस्पर्धी. सारागोसातला एक विद्याप्रेमी धर्मगुरू, लॅरेया नावाचा, दोघांनाही आदराचा. १७९७ मध्ये ओर्तेगाने त्याच्या सन्मानार्थ शेंगावर्गातल्या एका वनस्पतीला लॅरिया नाव दिलं. दुसऱ्याच वर्षी काव्हानियेसने त्याच गटासाठी हॉफमन्सेग्गिया हे वेगळं नाव छापलं, आणि १८०० मध्ये लॅरिया हे नाव उचलून भलत्याच झुडपांना बहाल केलं. ही झुडपं लुई ने या संग्राहकाने आणलेल्या सुक्या फांद्यांच्या रूपात त्याच्या टेबलावर होती. ने हा मालास्पिनाच्या जगप्रवासी मोहिमेतला वनस्पतीशास्त्रज्ञ. १७९४ मध्ये तो जहाजातून उतरून चिलीहून खुष्कीच्या मार्गाने आंदीज ओलांडून ब्युनोस आयरेसच्या बाजूला आला. मोहिमेचा प्रमुख मायदेशी परतल्यावर दरबारी राजकारणात सापडून तुरुंगात गेला, पण झाडं माद्रिदला पोचली. त्यांतून काव्हानियेसने तीन जाती वर्णिल्या: निटिडा, डिव्हारिकाटा, क्युनिफोलिया. तिन्ही आजही त्याच नावांनी ओळखल्या जातात. ओर्तेगाचं लॅरिया मात्र पुस्तकात तसंच पडून राहिलं. ते शंभर वर्षांनी उगवणार होतं.

उत्तर अमेरिकेतल्या लॅरियाचं नाव तर झाडावरून पडलंच नाही, ते पडलं चित्रावरून. मेक्सिकोत सेस्से आणि मोसिन्यो यांच्या स्पॅनिश मोहिमेने हजारो वनस्पतींची चित्रं काढून घेतली होती. स्पेनमधल्या उलथापालथीत मोसिन्यो चित्रांसकट फ्रान्सला आला आणि ती त्याने ओग्युस्त पिराम द कॅंडोल या वनस्पतीशास्त्रज्ञाकडे सोपवली. कॅंडोल ती घेऊन जिनेव्हाला गेला. १८१७ मध्ये मोसिन्योचा निरोप आला: मायदेशी परततो आहे, चित्रं परत पाठवा. त्यानंतर जे झालं त्याची जिनेव्हा आजही आठवण काढते. शंभराहून जास्त हौशी माणसं, त्यांत बायका बऱ्याच, ब्रश घेऊन बसली आणि सुमारे दहा दिवसांत शेकडो चित्रांच्या नकला तयार झाल्या. मूळ चित्रं मोसिन्योच्या मृत्यूनंतर दीडशेहून अधिक वर्षं बार्सिलोनात खासगी हातांत राहिली. १९८१ मध्ये ती पिट्सबर्गच्या हंट इन्स्टिट्यूटने विकत घेतली. या चित्रसंग्रहाच्या आधाराने कॅंडोलने १८२४ मध्ये नाव छापलं: झायगोफायलम ट्रायडेंटाटम. ते काव्हानियेसच्या लॅरियाचंच भावंड आहे, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

इथून पुढे जो तो आपापल्या कागदावर आपापलं नाव लिहीत गेला. जिनेव्हातच मोरिकांने १८३९ मध्ये लॅरिया मेक्सिकाना हे नाव काढलं. म्हणजे एकाच गावात एकाच झुडपाची दोन नावं. १८४८ मध्ये सेंट लुईसचा डॉक्टर जॉर्ज एंगेलमान याने लॅरिया ग्लुटिनोसा म्हटलं. त्याच्याकडे आलेली झाडं विस्लिझेनस नावाच्या दुसऱ्या डॉक्टरची. हा गृहस्थ व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर चिहुआहुआत गेला आणि नेमकी अमेरिका-मेक्सिको लढाई पेटली. मेक्सिकन अधिकाऱ्यांनी त्याला कोसिहुइरियाची या डोंगराळ गावात स्थानबद्ध केलं. तिथे त्याने काय करावं? फिरायची जेवढी मुभा होती तेवढ्यात झाडं गोळा केली.

त्याआधी १८४४ मध्ये जॉन फ्रेमॉंट हा अमेरिकन शोधप्रवासी मोहावे वाळवंटातून गेला होता. त्याच्या संग्रहाचं नशीब वाचून कुठल्याही हर्बेरियमवाल्याच्या पोटात गोळा येईल. सिएरा नेवाडा ओलांडताना झाडांचे गठ्ठे लादलेलं एक खेचर कड्यावरून खाली गेलं. पुढे गोळा केलेल्या गठ्ठ्यांना घराच्या वाटेवर कॅन्सस नदीच्या पुराने गाठलं. भिजलेल्या, बुरसटलेल्या, अर्ध्यामुर्ध्या फांद्या न्यूयॉर्कचा वनस्पतीशास्त्रज्ञ जॉन टोरी याच्या हाती पडल्या आणि त्यांतून १८४५ च्या अहवालात आणखी एक नाव निघालं: झायगोफायलम कॅलिफोर्निकम. हर्बेरियममधल्या नोंदी चाळताना हे खेचर लक्षात ठेवावं असं मला वाटतं. नकाशावर एखाद्या भागात टिंब नसलं, तर तिथे झाड नव्हतं असा अर्थ काढण्याआधी तिथून येणारा गठ्ठा पोचला होता का, हे विचारायला हवं.

नावांचा हा गुंता सोडवला फ्रेडरिक कोव्हिलने. १८९१ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याची मोहीम डेथ व्हॅलीत गेली तेव्हा तो जेमतेम चोवीस वर्षांचा होता. मदतनीस होता फ्रेडरिक फन्स्टन. कोव्हिल आणि फन्स्टन अशी जोडनावं असलेली लेबलं आजही कागदांवर दिसतात. वाळवंटात झाडं दाबणारा हा फन्स्टन पुढे सैन्यात जनरल झाला आणि १९०१ मध्ये फिलिपिन्सच्या स्वातंत्र्यलढ्याचा नेता आगिनाल्दो याला त्याने कैद केलं. वसाहतींच्या इतिहासात त्याचं नाव येतं ते तेवढ्यासाठी. कोव्हिलने मोहिमेचा वनस्पतिवृत्तान्त १८९३ मध्ये छापला. त्यात कॅंडोलचं ट्रायडेंटाटा हे सर्वांत जुनं जातिनाम त्याने उचललं आणि काव्हानियेसच्या लॅरियाला जोडलं. लॅरिया ट्रायडेंटाटा. सत्तर वर्षांचा घोळ एका ओळीत मिटला.

दोनच वर्षं टिकला तो निकाल. ॲना मरी व्हेल या न्यूयॉर्कच्या वनस्पती-अभ्यासक. पुढे न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनच्या पहिल्या ग्रंथपाल त्याच. जुनी पुस्तकं धुंडाळताना त्यांनी ओर्तेगाचं १७९७ चं लॅरिया पुढे आणलं. नियम असा, की एकदा वापरलेलं प्रजातिनाम दुसऱ्या प्रजातीला देता येत नाही. म्हणजे काव्हानियेसचं लॅरिया बाद. व्हेल यांनी १८९५ मध्ये नवं नाव सुचवलं, आणि ते कोव्हिलच्याच गौरवाचं: कोव्हिलिया. अमेरिकेत ते चांगलं रुजलं. १९०३ मध्ये टूसॉनजवळच्या टुमामोक टेकडीवर कार्नेगी संस्थेची वाळवंट प्रयोगशाळा उभी राहिली, तिची जागा निवडण्यात कोव्हिलचा हात होता. तिथल्या स्पॉल्डिंगने पुढच्याच वर्षी या झुडपाच्या पाण्याच्या व्यवहारावर निबंध छापला, तो कोव्हिलिया ट्रायडेंटाटा या नावाने. त्या काळच्या अमेरिकन कागदांवर हेच नाव जागोजाग दिसतं. पुढे आंतरराष्ट्रीय नियमांत अपवादांची सोय झाली आणि काव्हानियेसचं लॅरिया संरक्षित नाव म्हणून परत आलं. कपाटांतल्या कागदांवर पुन्हा एकदा नव्या चिठ्ठ्या चिकटल्या.

पण एका ठिकाणी चिठ्ठी पोचू शकत नव्हती. या झुडपावरच राहणारा, त्याच्याच पानांसारखा दिसणारा एक हिरवा लांब मिशांचा टोळ आहे. त्याचं बारसं झालं ते नेमकं कोव्हिलियाच्या दिवसांत, आणि कीटकशास्त्रज्ञांनी त्याला यजमान झाडावरून इन्सारा कोव्हिलिए म्हटलं. झाडाचं नाव गेलं, टोळाचं राहिलं. प्राण्यांच्या नावांची नियमावली वेगळी. वनस्पतीवाल्यांनी निर्णय फिरवला म्हणून ती बदलत नाही.

एवढ्याने संपलं असतं तर बरं. विसाव्या शतकात बऱ्याच अभ्यासकांना अर्जेंटिनाची डिव्हारिकाटा आणि उत्तरेची ट्रायडेंटाटा यांत फरकच दिसेना. दोघींचे कागद शेजारी ठेवले तर अनुभवी माणूसही घुटमळतो. म्हणून कित्येक दशकं उत्तर अमेरिकेतल्या झुडपालाही लॅरिया डिव्हारिकाटा म्हटलं गेलं. तेव्हा आज कुणाला या एका झुडपाच्या सगळ्या नोंदी गोळा करायच्या असतील, तर अर्धा डझनाहून जास्त नावांनी शोध घ्यावा लागतो. संगणकाला हे सांगावं लागतं; कपाट लावणाऱ्या जुन्या कर्मचाऱ्याला ते पाठ असे.

नाव इतकं डळमळीत, मग टिकाऊ काय? ठिकाण आणि तारीख. पण ठिकाणाचीही गंमत असते. जुन्या लेबलवर अक्षांश-रेखांश नसतात. असतं ते असं: अमुक गावाच्या पश्चिमेला दहा मैल, खडकाळ उतार. गावाच्या कोणत्या टोकापासून दहा मैल? रस्त्याने की सरळ रेषेत? गाव खाणीचं होतं आणि खाण बंद पडल्यावर उठून गेलं असेल तर? असं लेबल नकाशावर मांडताना तज्ज्ञ टिंबाऐवजी वर्तुळ काढतात: झाड या वर्तुळात कुठेतरी होतं, त्रिज्या इतके किलोमीटर. घाईघाईने डिजिटल केलेल्या नोंदींत हे वर्तुळ गळून पडतं आणि अख्ख्या जिल्ह्याच्या मध्यबिंदूवर एक ठाम टिंब उमटतं.

तारखेवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नये. वाळवंटात वनस्पतीशास्त्रज्ञ जातात ते मुख्यतः वसंतात, हिवाळी पावसानंतर रानफुलांचा बहर असतो तेव्हा. साहजिकच लॅरियाचे फुलोऱ्यातले कागदही वसंतातलेच जास्त. आलेख काढला तर झुडूप वसंतात फुलतं हे दिसेल, आणि त्याच आलेखात अभ्यासकांच्या सहलीही दिसतील. उन्हाळी पाऊस झाला तर लॅरिया तेव्हाही फुलते. पण त्या उकाड्यात दाबयंत्र घेऊन फिरायला कोण जातो?

सर्वांत मोठी खोट आणखी वेगळी आहे. लॅरिया फार आहे. जिथे तिथे तीच असल्याने ती तोडण्यासाठी कुणी गाडी थांबवत नाही. दुर्मीळ फूल दिसलं तर संग्राहक दहा फांद्या घेईल. लॅरियाला तो लेबलावर पाहुणी म्हणून जागा देतो. दुसऱ्याच कुठल्यातरी झाडाच्या कागदावर, भोवतालच्या वर्णनात, ‘लॅरियाच्या झुडपांत’ असे दोन शब्द. हल्ली लेबलांचा पूर्ण मजकूर शोधता येतो तेव्हापासून या पाहुण्या नोंदी हाती लागू लागल्या आहेत. मला त्या मुख्य नोंदींपेक्षा जास्त खऱ्या वाटतात, कारण लिहिणाऱ्याचं लक्ष दुसरीकडे होतं.

न्यू मेक्सिकोतल्या होर्नादा मैदानाचं उदाहरण घ्या. तिथे एके काळी गवत होतं, आज मोठ्या भागावर लॅरिया आणि मेस्कीटची झुडपं पसरलेली आहेत. हा बदल उलगडला तो सरकारी भूमापकांच्या १८५८ च्या वह्यांवरून. हद्दीचे दगड रोवत जाताना त्यांनी जागोजाग कुठे गवत आहे, कुठे झुडपं आहेत, हे टिपलं होतं. १९६० च्या दशकात बफिंग्टन आणि हर्बेल यांनी तेच पट्टे पुन्हा तपासले. इथे हर्बेरियमला भूमापकाच्या वहीपुढे मान तुकवावी लागते. कागद सांगतो की झाड इथे होतं. किती होतं, हे तो सांगत नाही.

मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजमधलं ब्लॅटर हर्बेरियम या संदर्भात आठवतं. एथेलबर्ट ब्लॅटर हे स्विस जेझुइट आणि त्यांचे सहकारी हालबर्ग यांनी जोधपूर-जैसलमेरच्या वाळवंटाची वनस्पतिसूची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये १९१८ पासून क्रमशः छापली. थरच्या फोगाला किंवा केराला जे लागू, तेच लॅरियाला: सर्वांत साधं झुडूप नोंदवायला शिस्त लागते.

फांदी तोडून कागदावर आली की काही गोष्टी कायमच्या सुटतात. अर्जेंटिनातल्या लॅरिया क्युनिफोलियाच्या फांद्या आणि पानं ठरावीक दिशेला रोखलेली असतात, इतकी की माणसं तिच्यावरून दिशा ओळखतात. कागदावर ती चपटी होते आणि दिशा हरवते. उंचीचंही तेच; संग्राहकाने लिहिली तरच कळते. वयाबद्दल तर बोलायलाच नको. लॅरियाचं झुडूप जुनं झालं की मधला भाग मरतो आणि कडेने नवे फुटवे येत राहतात. शतकानुशतकं हे चाललं की एकाच झाडाचं कडं तयार होतं, आत नुसती वाळू. कॅलिफोर्नियात ल्यूसर्न व्हॅलीजवळ असंच एक लांबोळकं कडं आहे, सर्वांत रुंद ठिकाणी सुमारे वीस मीटर. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेतले फ्रॅंक व्हासेक यांनी १९८० मध्ये त्याचं वय ११,७०० वर्षं असल्याचा अंदाज छापला. मूळ खोड कधीच कुजून गेलेलं असल्याने थेट मोजणी शक्य नव्हती. सापडलेल्या जुन्या लाकडाचं कार्बन-वय आणि कडं रुंदावण्याचा वेग यांवरून हिशेब मागे नेला. ‘किंग क्लोन’ या नावाने ते प्रसिद्ध आहे. त्याची वीतभर फांदी दाबली आणि शेजारी पाच वर्षांच्या झुडपाची दाबली, तर दोन कागदांत काहीही फरक दिसणार नाही.

याच्या उलट, संग्राहकाला ज्याची कल्पनाही नव्हती असं काही कागदावर आपोआप येऊन बसतं. लॅरियावर गाठी करणाऱ्या बारीक माश्यांच्या पंधराएक जाती आहेत, सगळ्या ॲस्फॉंडिलिया या एकाच प्रजातीतल्या. कुणी पानावर गाठ करते, कुणी कळीवर, कुणी खोडावर, आणि प्रत्येकीच्या गाठीचा घाट वेगळा. फांदीबरोबर गाठही दाबली जाते. तिच्यासाठी कुणी लेबल लिहिलेलं नसतं, पण जागा आणि तारीख फुकटात मिळालेली असते.

आणि मग गुणसूत्रं. १९६० च्या दशकात ॲरिझोनातल्या तिएन वेई यांग यांनी लॅरियाच्या कळ्यांतली गुणसूत्रं मोजायला घेतली. तिन्ही वाळवंटांतली झुडपं दिसायला एकच, पण चिहुआहुआच्या झुडपांत गुणसूत्रं २६, सोनोराच्या झुडपांत ५२ आणि मोहावेच्या झुडपांत ७८. मूळ संच अनुक्रमे दोनदा, चारदा, सहादा. वाळवंटांच्या सीमा आणि गुणसूत्रांच्या सीमा बऱ्याच अंशी जुळतात. जिथे दोन प्रकार भेटतात तिथे शेजारी शेजारीही उभे असतात. दीडशे वर्षं नावावरून चाललेल्या वादात हा फरक कुणाच्या गावीही नव्हता.

अडचण अशी, की गुणसूत्रं मोजायला ताज्या कळ्या लागतात. वाळलेल्या फांदीतून ती मोजता येत नाहीत. मग कोव्हिल-फन्स्टनचा कागद कोणत्या प्रकारात टाकायचा? इथे पानाची त्वचा मदतीला येते. गुणसूत्रांचे संच वाढले की साधारणपणे पेशीही मोठी होते. पानावरच्या प्रत्येक पर्णरंध्राच्या दोन बाजूंना दोन रक्षक पेशी असतात. त्यांची लांबी सूक्ष्मदर्शकाखाली मोजली, की २६ ची की ७८ ची याचा अंदाज बांधता येतो. पान सुकलेलं असलं तरी चालतं. त्यासाठी हर्बेरियमची लेखी परवानगी काढावी लागते, आणि समजूतदार अभ्यासक फांदीला हात न लावता त्या कोपऱ्यातल्या पाकिटातलं गळलेलं पान मागतो.

सुकलेलं पान चालतं, हे कळल्यावर माणसांच्या हर्बेरियमपलीकडचं एक हर्बेरियम उघडलं. अमेरिकेच्या कोरड्या प्रदेशात पॅकरॅट नावाचा उंदीर असतो. बिळाभोवतीच्या शेपन्नास पावलांतून दिसेल ते, काड्या, पानं, काटे, हाडं, तो ओढून आणतो आणि खडकाच्या कपारीत ढीग रचतो. त्यावर तो मुततोही. मूत्र वाळून काकवीच्या रंगाचा कडक थर होतो आणि त्यात पानं जशीच्या तशी अडकतात. कपारीत पाऊस शिरला नाही तर असे ढीग हजारो वर्षं टिकतात. कार्बन-कालमापन पोचतं तिथपर्यंतचे, म्हणजे सुमारे ५० हजार वर्षांपर्यंतचे, सापडले आहेत. १९६४ मध्ये वेल्स आणि यॉर्गेन्सन यांनी नेवाडातल्या अणुचाचणी क्षेत्रातल्या ढिगांवर पहिला निबंध छापला आणि तेव्हापासून पुरावनस्पतीशास्त्रज्ञ या कपारी चढत आहेत. ढीग पाण्यात भिजवायचा, गाळायचा, वाळवायचा आणि पान पान वेगळं करायचं. लेबल नसतं, पण ठिकाण माणसाच्या लेबलापेक्षा पक्कं: उंदीर लांब जात नाही. तारीख कार्बन देतो.

२००१ मध्ये किंबर्ली हंटर, हुलिओ बेटांकूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ढिगांतल्या लॅरियाच्या पानांच्या रक्षक पेशी मोजल्या. हिमयुगाच्या ऐन थंडीपासून आजपर्यंत कोणत्या प्रकारची लॅरिया कुठे होती, याची साखळी त्यातून जुळू लागली. थंडीत लॅरिया दक्षिणेच्या सखल, उबदार भागांत होती. हवा तापत गेली तशी ती उत्तरेकडे सरकली, आणि सहा संचांची, ७८ गुणसूत्रांची झुडपं आजच्या मोहावेत पसरली ती हिमयुग ओसरल्यावर. नकाशावर आज सलग, अनादी वाटणारा लॅरियाचा प्रदेश उत्तरेच्या टोकाला बराच नवा आहे.

दक्षिण अमेरिकेतून ती उत्तरेला आली कशी, यावर अजून वाद आहे. जनुकीय अभ्यास सांगतात की मूळ घर दक्षिणेत आणि उत्तरेत येणं त्यामानाने अलीकडचं, तरी लाखो वर्षांपूर्वीचं. मधल्या विषुववृत्तीय ओल्या जंगलात ती जगू शकत नाही. म्हणून लवेने झाकलेली फळं पिसांना चिकटून स्थलांतरी पक्ष्यांबरोबर आली असावीत, असा तर्क बहुतेक जण करतात. या वादात काव्हानियेसच्या टेबलावरच्या फांद्यांनाही पुन्हा कामाला लावलं जातं: अर्जेंटिनाच्या जातींची नावं ज्या नमुन्यांवर उभी आहेत ते माद्रिदला आहेत, आणि उत्तरेतल्या झुडपाची तुलना करायची तर आधी डिव्हारिकाटा म्हणजे नक्की काय, हे ठरवावं लागतं.

गुणसूत्रांच्या तीन प्रकारांना तीन जाती म्हणायचं का, हा प्रश्नही उघडाच आहे. काही अभ्यासक म्हणतात, एकमेकांत सहज संकर होत नाही तर त्या वेगळ्या जाती माना. हर्बेरियम सांभाळणारे कुरकुरतात, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नाही: नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही अशी जात कपाटात लावायची कशी? तूर्त बहुतेक ठिकाणी एकच नाव चालू आहे आणि ज्या कागदाची मोजणी झाली त्यावर आणखी एक चिठ्ठी लागते: गुणसूत्रं इतकी, मोजली अमुक यांनी, अमुक साली. वाद कुठल्याही बाजूने सुटला तरी ही चिठ्ठी सोलावी लागणार नाही.